गागोद्याची अँबॅसेडर आणि वालाचं बी

सांगलीला परत आले तेव्हा दुकानात येणाऱ्या प्रत्येकानं एकच विचारलं, "काय ओ, कोकणात जाऊन आलात म्हणे. समुद्र बघितला का?"

समुद्र मी बघितलेला नाही. आठवडाभर रायगड जिल्ह्यात राहिले, पेण पाहिलं, रोहा पाहिलं, आणि सगळ्यात जास्त पाहिला तो एका अँबॅसेडरच्या डॅशबोर्डचा खालचा भाग. पाठीवर पडून, तोंडात बॅटरी धरून. माझ्या मते त्या भागातलं ते सगळ्यात प्रेक्षणीय ठिकाण आहे. कुणी तिकडं गेलंच तर जरूर वाकून बघावं, कारण तिथल्या वायरी आता मी बांधलेल्या आहेत.

माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. वडिलांचं होतं, त्यांच्यामागं मी चालवते. दुकानाच्या मागं त्यांची जुनी जीप उभी आहे, तिला मी कुणाला हात लावू देत नाही. नव्या गाड्या मी घेत नाही. त्यांना कॉम्प्युटर जोडायचा आणि तो सांगेल ते ऐकायचं, त्यात आपलं काय कर्तृत्व? जुन्या गाडीला बोलतं करावं लागतं, आणि ते मला जमतं. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही.

थंडीत एका दुपारी रोह्याजवळच्या वरसे गावातून फोन आला. वसुधाताई, निवृत्त शिक्षिका. बाईंनी जन्मभर वर्ग गप्प बसवलेला आहे हे आवाजावरूनच कळलं.

"माझी अँबॅसेडर आहे. माझ्या पगारातून घेतलेली, मीच चालवत आले. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा गागोद्याला धाकट्या भावाकडे ठेवली आणि लेकीकडे गेले. आठवड्यातून एकदा चालू कर, एवढंच त्याला सांगितलं होतं. पाय बरा झाल्यावर गेल्या गणपतीत गाडी आणायला गेले, तर बॉनेटमध्ये उंदरांचा संसार. एक वायर धड नाही. इकडचे मेकॅनिक बघून गेले. इंजिन ठीक आहे म्हणाले, पण वायरिंग कोण करणार, भंगारात घाला."

"आणि भाऊ काय म्हणाला?"

"काही नाही. त्याचाच राग आहे. नुसता मान खाली घालून उभा राहिला. भाऊबीजेला मी गेले नाही." मग त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी गावी आमची पोपटी आहे, शेतात मडक्यात शेंगा भाजायची, दरवर्षीची. तोवर गाडी स्वतःच्या इंजिनावर माझ्या दारात आली, तर त्याच गाडीनं मी भावाच्या घरी जाईन. टोचन लावून आणलीत तर तशीच भंगारवाल्याकडे जाईल, आणि मीही पुन्हा त्या घरात पाऊल टाकणार नाही."

गाडीच्या वायरिंगवर अख्खं माहेर टांगलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. म्हटलं, येते.

पेण

पनवेलला गाडी बदलून रोह्याच्या गाडीत बसले. जिते स्टेशन मागं पडलं आणि खिडकीबाहेर भाताची कापलेली खाचरं लागली. नुसते खुंट उरलेले, आणि त्या खुंटांमधून हिरवीगार रोपं वर आलेली. शेजारी बसलेल्या बाईला विचारलं, हे काय?

"वाल हाय तो," ती म्हणाली. "भात काढला का त्याच ओलीवर टाकायचा. पानी नाय, काय नाय."

आमच्याकडं उसाला वर्षभर पाट सोडतात आणि तरी शेतकरी आभाळाकडं बघत बसतो. इथं भात जाताजाता जमिनीत जी ओल ठेवून जातो, तेवढ्यावर दुसरं पीक उभं राहतं. मला त्या वालाचा उगाचच आदर वाटला.

पेण स्टेशनवर वसुधाताईंचे भाऊ स्कूटर घेऊन आले होते. दत्ताराम त्यांचं नाव. सडपातळ, डोक्याला मफलर, बोलणं तोलून मापून. माझी हत्यारांची पेटी त्यांनी उचलली, माझ्या मागं पाहिलं आणि विचारलं, "मिस्त्री मागच्या डब्यात हाय काय?"

"मिस्त्री मीच."

त्यांनी पेटी खाली ठेवली, मला नीट पाहिलं, पुन्हा पेटी उचलली. "बरं," म्हणाले. त्यानंतर गागोद्यापर्यंत एक अक्षर नाही. असा माणूस बहिणीसमोर मान खाली घालून उभा राहिला असेल याची मला खात्रीच पटली.

गागोदे बुद्रुक

गावाच्या पाठीशी डोंगर, पुढं शेतं, आणि दुपारीसुद्धा सावलीत बसलं की अंगावर काटा येईल असा गारवा. दत्ताभाऊंची बायको रंजना पदराला हात पुसत बाहेर आली. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "ये गो, बस. पाय धू, जेव, मग काय ते गाडीचं बघ."

आमच्याकडं पाहुण्या बाईला पहिल्या भेटीत कुणी अगं-तुगं करणार नाही. अहो-जाहोनं सुरुवात होते आणि पुष्कळदा तिथंच राहते. इथं त्या एका 'गो'नं मला दारातूनच घरात घेतलं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. भाकरी पांढरी, मऊ, घडी घालावी अशी. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मला ती आधी आजाऱ्याची वाटली, आणि मग तिसरी मागताना लाज वाटली. बिरड्यासाठी वाल भिजवून मोड आणतात आणि एकेक दाणा हातानं सोलतात. एकेक! आमच्या सांगलीत एवढा धीर कुणाला? आम्ही कांदासुद्धा बुक्कीनं फोडतो. मी रंजनाला तसं म्हटलं, तर ती हसून म्हणाली, "तू वायरी सोलतेस ना गो? मंग?" मी चौथी भाकरी मागून घेतली.

गाडी खळ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. वरून जुनी साडी पांघरलेली, साडीच्या कडा विटांनी दाबलेल्या. एवढं जपणारा माणूस आठवड्याला एकदा गाडी चालू करत नाही, हे मला तिथंच खटकलं. बॉनेट उघडलं. आत पेंढ्याचं घरटं, त्यात वालाची फोलपटं, आणि वायरींची अशी दशा की काही ठिकाणी नुसती तांब्याची तार उघडी पडलेली. हेडलाईटपासून डॅशबोर्डपर्यंत, डॅशबोर्डपासून मागच्या दिव्यांपर्यंत सगळं कुरतडलेलं. सगळ्यावर करड्या धुळीचा थर.

अंगणातली माती तांबूस होती. तरी करडी धूळ आली कुठून, हा प्रश्न तेव्हा मला पडायला हवा होता. मी वरवर फडकं मारलं आणि कामाला लागले.

"होईल?" दत्ताभाऊंनी दारातूनच विचारलं.

"होईल की. पण रविवारपर्यंत व्हायचं तर गाडीत उंदीर शिरला कसा ते तरी सांगा."

"शिरला," ते म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

वायरिंगचा जुना गठ्ठा मी अख्खा उतरवला आणि खळ्यावर लांबच्या लांब पसरला. अशा कामात जुनं फेकून द्यायचं नसतं. त्याच्याच शेजारी त्याच मापाचं नवं मांडायचं, एकेक फांदी जुळवत. शेजारच्या बायका पाण्याला जाताना थांबायच्या. एकीनं विचारलं, "काय गो, वाळत घातलंय काय?" दुसरी म्हणाली, "मुंबईच्या शेवया असतील." मी हसले आणि पुन्हा वायर मोजली. आणलेली वायर पुरणार नव्हती.

पुन्हा पेण

दुसऱ्या दिवशी वायर आणायला दत्ताभाऊंबरोबर पेणला गेले. वायर मिळाली, हवी त्या जाडीची मिळाली, पण लाल आणि काळीच. अँबॅसेडरमध्ये प्रत्येक कामाची वायर वेगळ्या रंगाची असते. कुठली हेडलाईटची, कुठली हॉर्नची, कुठली इग्निशनची, हे रंगावरून कळतं. सगळं लाल-काळं जोडून गाडी चालली असती, यात वाद नाही. पण उद्या कुणी मिस्त्री ते उघडून बघेल आणि म्हणेल, कुठल्या गाढवानं हे केलंय? ते गाढव मी असणं मला मान्य नव्हतं.

विचार करत चालता चालता आम्ही गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत आलो. थंडीचे दिवस, गणपतीला अजून कितीतरी अवकाश, तरी आत मूर्तींच्या रांगाच्या रांगा. बहुतेक अजून पांढऱ्या. एका कारखान्याच्या दारात फळीवर नुसते उंदीर वाळत ठेवले होते. गणपतीच्या पायाशी बसवायचे, हातात मोदक धरलेले, एकजात हसरे. कालपासून उंदरांच्या नावानं बोटं मोडणारी मी त्या फळीसमोर उभी राहिले आणि मला हसावं का रडावं कळेना.

आत एक बाई मूर्तीच्या सोंडेवर बारीक कुंचल्यानं नक्षी काढत होती. तिच्या हाताशी छोट्या वाट्यांमध्ये पिवळा, निळा, हिरवा, तपकिरी. मी सरळ आत गेले आणि काय हवंय ते सांगितलं. वायरीच्या टोकांना रंगाचे पट्टे, तेल-पाणी लागलं तरी न जाणारे.

तिनं वायरींचं भेंडोळं पाहिलं, मग मला पाहिलं. "उंदरांनी खाल्ली काय?"

"हो."

"बघा आता! आमी उंदीर करतो, तुमी उंदरानं खाल्लेलं करता." मग कुंचला धुवून ती म्हणाली, "बसा. रंग असा देते का गाडी जाईल पन पट्टा नाय जानार."

मी लांबी मोजून तुकडे कापत गेले आणि ती टोकांवर पट्टे ओढत गेली. हात असा स्थिर की एकही पट्टा वाकडा नाही. निघताना मी पैशांचं विचारलं तर म्हणाली, "गनपतीच्या वाहनानं नुसकान केलं, भरपाई गनपतीच्या रंगानं. जावा." वर पोह्याच्या पापडांची पुडी हातात ठेवली. त्या दिवशी पेण हे गाव मला फार आवडलं.

हॉर्न वाजला

नंतरचे दिवस मी शेडमध्येच होते. माझी उंची पाच फूट, आणि जन्मभर या उंचीवरून चिडवून घेतलं असलं तरी डॅशबोर्डखाली शिरताना तिच्यासारखी सोय नाही. रंजना उंबऱ्याशी वाल सोलत बसायची, मी वायरी सोलायचे, आणि तोंडं दोघींचीही चालू. दत्ताभाऊ तासातासाला यायचे, न विचारता चहा ठेवायचे, आणि वायरी मोजल्यासारख्या बघून जायचे. एकदा मी म्हटलं, "भाऊ, काळजी करू नका, वसुधाआक्का येतील." ते म्हणाले, "भाऊबीजेला पाट मांडला होता. सांजपर्यंत उचलला नाय." बस, एवढंच. त्यानंतर मी जेवणाची सुट्टी घेतली नाही.

शेवटी बॅटरी जोडली. जोडल्याक्षणी हॉर्न वाजायला लागला आणि थांबेना. मी स्टिअरिंगखाली शिरले, दत्ताभाऊ पाण्याची कळशी घेऊन धावत आले. "पाणी नको! पाणी नको!" मी ओरडत होते आणि हॉर्नपुढं माझं कुणाला ऐकू येत नव्हतं. अर्धं गाव शेडपुढं जमलं. मी बॅटरीची तार उपसली तेव्हा कुठं शांत झालं. वायर स्टिअरिंगच्या नळीला टेकली होती, चूक माझीच. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, "वरड चांगली हाय. चालते कवा?"

चालतच नव्हती. हॉर्नची वायर सरळ केली, पुन्हा बॅटरी जोडली, सेल्फ मारला. नुसता टक् असा आवाज. हेडलाईट लावले तर समईच्या वातीएवढा उजेड. वायरी नव्या, बॅटरी भरलेली, सगळे जोड माझ्या हातचे, आणि गाडी मात्र मेल्यासारखी. परवा रविवार होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. त्या संध्याकाळी रंजनानं वाढलेलं बिरडं मी तसंच ठेवून उठले, यावरून काय ते समजा.

राख

विजेला जायला वायर लागते तशी परत यायलाही वाट लागते. गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा पत्राच. बॅटरीची एक तार पत्र्याला बोल्टनं आवळलेली असते, तिथं घाण बसली की वीज अडते. सकाळी उठून मी तो बोल्ट खोलला. खाली सिमेंटसारखं घट्ट बसलेलं करडं काहीतरी. खरवडून काढलं, फ्यूजची डबी उघडली, तिच्यातही तेच. हेडलाईटच्या होल्डरमध्येही तेच, आणि पितळेवर हिरवी बुरशी.

ओल्या बोटांनी मी ती धूळ चोळली. बोटं बुळबुळीत झाली. लहानपणी आईच्या हाताखाली मी भांडी घासलेली आहेत, हा बुळबुळीतपणा माझ्या बोटांच्या ओळखीचा होता.

"वहिनी," मी हाक मारली, "गाडीत चुलीतली राख कुणी टाकली?"

रंजनाच्या हातातलं सूप थांबलं. "मीच," ती म्हणाली. "बियाला मुंग्या लागू नयेत म्हनून."

"कुठलं बी?"

"रंजे, गप," दत्ताभाऊ दारातून म्हणाले.

"गप काय? ही ताई रोज मरमर करतेय, हिला नाय सांगायचं तर कोनाला?" मग माझ्याकडं वळून ती सांगायला लागली. "दोन पावसाळ्यांमागं वारा आला न् घराचं पत्रं गेलं. घरात सगळीकडं पानी. आमचं वालाचं बी सासऱ्याच्या वक्तापासूनचं हाय गो, बाजारात नाय मिळत. भिजलं का संपलं. गाडी तेवढी कोरडी होती. काचा चढवल्या, मागच्या सीटवर न् डिकीत पोती ठेवली. बी राखेत घोळलेलं होतं, तरी मुंग्यांचं भ्याव. म्हनून खाली, पुढं, इंजिनात पन राख टाकली मी, न् पावसाळाभर गाडी चालू करू दिली नाय. जपूनच टाकली."

जपूनच टाकली होती. एकही कोपरा सोडला नव्हता. मग पावसाळाभर त्या राखेनं दमट हवा शोषली आणि पितळ खाल्लं, आणि बियाच्या वासानं खालच्या भोकातून आलेल्या उंदरांनी वायरी खाल्ल्या. कोकणात किडा-मुंग्यांपासून बी राखायची जी रीत आहे, तीच या माउलीनं गाडीला लावली होती.

"बी राहिलं?" मी विचारलं.

"राहिलं," दत्ताभाऊ म्हणाले. "बाहेर शेतात हाय तो त्याचाच वाल."

"मग हे आक्कांना का नाही सांगितलंत?"

"आक्कानं गाडी सांभाळायला दिलेली, कोठार करायला नाय. मी कोठार केलं. आता कारन सांगून वायरी जुळतील काय? तुमी पन बोलू नका, ताई. शब्द द्या."

मी शब्द दिला. नाखुशीनं दिला, दातओठ खात दिला, पण दिला.

आता सगळे होल्डर, फ्यूजच्या पट्ट्या, बोल्ट, जोडाची टोकं काढून साफ करायची होती, आणि दिवस एकच हातात. मी पॉलिश पेपर काढला. रंजनानं तो माझ्या हातातून घेऊन बाजूला ठेवला आणि आतून चिंचेचा कोळ आणला. "देवाची भांडी अशीच काढतो आमी." मी म्हटलं, मीठ घालायचं नाही, मग कोमट पाण्यानं धुवायचं आणि उन्हात खणखणीत वाळवायचं. ती म्हणाली, "कळतंय गो." दुपारपर्यंत ताटात पितळेचे तुकडे सोन्यासारखे चकाकत होते. राख तिनं टाकली होती आणि राखेचा डाग तिनंच काढला, त्या कामात मी फक्त हाताखाली होते.

संध्याकाळी ऊन तिरपं झालं तेव्हा शेवटचा बोल्ट आवळला. पत्रा चकचकीत घासला होता, तार त्यावर घट्ट बसली. दत्ताभाऊंना म्हटलं, तुम्ही बसा आणि सेल्फ मारा. ते नको म्हणत होते. मी जबरदस्तीनं बसवलं.

एकदा घरघरली. दुसऱ्यांदा इंजिन धरलं. पत्र्याची शेड दणाणली, कोंबड्या पळाल्या, रंजना पदर तोंडाला लावून हसायला लागली. मी दिवे लावायला सांगितलं आणि समोरची भिंत पांढरीशुभ्र झाली. इंडिकेटर उजवा, इंडिकेटर डावा, ब्रेकचा दिवा, वायपर, सगळं एकामागोमाग एक जिवंत होत गेलं. मी शेडमध्ये दोन्ही हात वर करून नाचले. पन्नाशीच्या बाईनं असं नाचावं का, हे ज्याला विचारायचं त्यानं विचारावं. मी पुन्हा नाचेन.

रोहा, वरसे

रविवारी सकाळी निघालो. मी चालवत होते, दत्ताभाऊ शेजारी, नवा सदरा, केसांना तेल. हायवेला लागलो, नागोठण्याला वळलो. भिसे खिंडीच्या चढावर मागं कंपनीच्या शिफ्टची बस लागली आणि हॉर्न देऊ लागली. मी आमचा हॉर्न दिला. बसवाल्यानं पुढं जाताना हात बाहेर काढून सलाम केला. खिंड उतरताना मी चार वेळा म्हटलं, "भाऊ, सांगून टाका." चारही वेळा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

वरशात वसुधाताई बिल्डिंगच्या खालीच उभ्या होत्या. ताठ, काठी न घेता. भावाकडं पाहिलं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली, प्रत्येक दिवा मला लावायला सांगितला, बॉनेट उघडायला लावलं. "हे पट्टे?"

"पेणच्या गणपतीवाल्या बाईंनी रंगवलेत."

"सरळ आहेत," त्या म्हणाल्या. शाळेत यापेक्षा मोठं कौतुक त्या करत नसाव्यात.

मग त्या ड्रायव्हरच्या जागेवर बसल्या, सीट पुढं ओढण्यासाठी फटीत हात घातला, आणि तिथंच थांबल्या. मूठ बाहेर काढून उघडली. तळव्यावर राखेनं माखलेले वालाचे चार दाणे. मी वायरिंग केलं होतं, सीट उचलली नव्हती.

त्यांनी दाण्यांवर फुंकर मारली, एक दाणा बोटांत फिरवला. "दत्ता, हे आपलं बी आहे. बाबांचं."

"व्हय."

"गाडीत कसं आलं?"

दत्ताभाऊ सदऱ्याचं बटण चाचपू लागले. मी शब्द दिला होता न बोलण्याचा, खोकायचं नाही असं काही ठरलं नव्हतं. मी एवढ्या जोरात खोकले की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

"पत्रं उडालं त्या पावसात," दत्ताभाऊ म्हणाले. "गाडी कोरडी होती, आक्का. दुसरं कायच कोरडं नव्हतं."

वसुधाताईंनी दाणे मुठीत मिटले. "त्या वर्षी गावात सगळ्यांचं बी गेलं. मी लेकीकडून फोन करून विचारलं होतं तुला. तू म्हणालास, राहिलंय."

"राहिलं ना."

"अरे, पण कसं राहिलं ते कोण सांगणार? मी?" त्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली. "गाडी काय, माझा पलंग दिला असता रे मी. बाबांचं बी ते." त्यांनी दाणे पर्समध्ये ठेवले, डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "तुम्ही मागं बसा. दत्ता, तू माझ्या शेजारी. आणि दार नीट लाव, तू कायम अर्धवट लावतोस."

आणि त्यांनी सेल्फ मारला. पहिल्याच फटक्यात इंजिन धरलं. मागच्या सीटवर मी एकटीच बसले होते, तरी माझ्याच्यानं टाळी वाजवल्याशिवाय राहवलं नाही.

पोपटी

दिवस मावळताना शेताच्या बांधावर मडकं तयार झालं. तळाला भांबुर्डा या रानझुडपाचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं, भोवती पेंढा रचून पेटवायचा. आमच्याकडं हुरडा भाजतात तसंच, पण इथं जाळ बाहेर आणि सगळी गंमत आत. शिजलं की नाही हे बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन क्षणात उडालं की झालं. वसुधाताईंनी गाडी बांधाकडं तोंड करून लावली, हेडलाईट लावले, आणि त्या उजेडात दत्ताभाऊंनी मडकं रिकामं केलं. त्या शेंगांची चव मी सांगणार नाही. ज्यांनी खाल्ली नाही त्यांनी थंडीत जाऊन खावी.

मग रंजनानं पाट मांडला. भाऊबीज राहिली होती, ती त्या हेडलाईटच्या उजेडात झाली. ओवाळून झाल्यावर दत्ताभाऊ वाकून पाया पडले, आणि वसुधाताईंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला तो बराच वेळ काढला नाही. माझं लक्ष एका हेडलाईटकडं होतं, असं मी म्हणेन. खरं तर मला काही दिसत नव्हतं.

निघताना दत्ताभाऊंनी त्यांच्याकडची किल्ली बहिणीपुढं धरली. वसुधाताईंनी त्यांची मूठ मिटली.

"ठेव. यंदाचं बी कुठं ठेवणार?"

"पत्रं नवीन हाय आता, आक्का. घरात ठेवू."

"पत्र्यांचा काय भरवसा? पाऊस लागला की गाडी आणून ठेवीन. डिकीत ठेव."

मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "ठेवा की. पण बॉनेटमध्ये राखेचा एक कण दिसला, तर सांगलीहून चालत येईन."

"मंग मुंग्या लागल्या तर?" रंजनानं विचारलं.

"कडुनिंबाचा पाला टाका!"

ती हसली, आत गेली आणि एक पुरचुंडी घेऊन आली. त्यांच्या घरचं बी, राखेत घोळलेलं, मला. आमच्या काळ्या रानात ते रुजेल की नाही कुणास ठाऊक, पण पाऊस सरला की मी ते लावणार आहे. तोवर ठेवायला सांगलीत कोरडी जागा शोधत होते. घरात ओल येते, दुकानात तेल.

शेवटी वडिलांच्या जीपचं कुलूप काढलं आणि पुरचुंडी पुढच्या कप्प्यात ठेवली. राख झाडून, काचा घट्ट चढवून.